साफसफाई नव्हे, निवड!

महोदय,

मेंदूच्या विकारांवरील आपल्या लेखात चेतापेशींतील प्रथिनांच्या विघटनाला नुसती ‘साफसफाई’ म्हटले आहे. बारावीला जीवशास्त्र शिकवणारीला हे खटकणारच. पेशी सरसकट काही मोडत नाही, आधी निवडते. नको असलेल्या प्रथिनाला युबिक्विटिन हे ७६ अमिनो आम्लांचे इवलेसे प्रथिन शिक्क्यासारखे चिकटवले जाते. त्याची साखळी झाली की प्रोटिअझोम (पेशीतले प्रथिने मोडणारे यंत्र) ते प्रथिन आत ओढून तुकडे करतो. युबिक्विटिन मात्र सोडवून पुन्हा वापरले जाते. (२००४चे रसायनशास्त्राचे नोबेल याच शोधाला मिळाले.)

खरी गंमत शिक्का कोणावर मारायचा हे ठरवणाऱ्या विकरांत (एन्झाइम्समध्ये) आहे. त्यांपैकी यूबीई३ए घ्या. चेतापेशींत ते बनवणाऱ्या जनुकाची वडिलांकडून आलेली प्रत बंदच असते. आईकडची बिघडली की पर्याय उरत नाही आणि अँजलमन सिंड्रोम हा मेंदूच्या वाढीचा जन्मजात विकार होतो. पार्किन हेही असेच एक विकर. ते निकामी झाल्यास तरुणपणीच पार्किन्सन्स गाठू शकतो.

लेखात यातले अवाक्षर नाही, ‘मेंदू स्वच्छ ठेवणाऱ्या’ आहाराला मात्र अख्खी चौकट! पुढच्या वेळी ती या विकरांना द्यावी, ही विनंती.

– एक शिक्षिका