बीपीची गोळी मनाने बंद करू नकोस

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

'बीपी आता महिनाभर नॉर्मल आहे, मग गोळी थांबवली तर चालेल ना?' असं तू विचारलंस. मी नुसतं 'नाही' म्हणाले, कारण तू घाईत होतास. पण नुसत्या 'नाही'ने तुझं समाधान होत नाही, लहानपणापासून नाही. शिवाय औषधाच्या काउंटरमागे माझं सगळं आयुष्य गेलं आणि तिथे हाच प्रश्न मी सगळ्यात जास्त ऐकला. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी साधी गोष्ट. तुझं बीपी नॉर्मल आहे ते गोळी सुरू आहे म्हणून. ताप उतरला की तापाची गोळी थांबवतात, कारण ताप गेलेला असतो. रक्तदाबाचं तसं नाही. तो दाबून धरलेला असतो. हात काढला की बहुतेक वेळा पुन्हा वर येतो, आणि येताना काही सांगत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे सगळं ठीक आहे, असं धरून चालू नकोस. वजन उतरलं, मीठ कमी झालं, व्यायाम अंगवळणी पडला की काही जणांची गोळी खरंच कमी होते. पण ती डॉक्टरांनी कमी करायची.

त्यातून तुझी गोळी मेटोप्रोलॉल आहे. ही बीटा ब्लॉकर गटातली. या गटातलं प्रोप्रानोलॉल जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधलं, १९८८ साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचा विचार मला अजूनही फार सुंदर वाटतो: हृदयाला जास्त प्राणवायू पुरवण्यापेक्षा त्याची प्राणवायूची गरजच कमी करावी. अॅड्रेनलिन (ताणाच्या वेळी अंगात सुटणारं संप्रेरक) हृदयाच्या पेशींवरच्या ज्या जागी जाऊन बसतं आणि ठोके वाढवतं, ती जागा ही गोळी अडवून ठेवते. आता धोका कुठे आहे ते बघ. जागा अडलेल्या दिसल्या की पेशी आणखी नव्या जागा तयार करतात. अशा वेळी गोळी एकदम बंद झाली तर सगळ्या जागा एकाच वेळी मोकळ्या होतात आणि अॅड्रेनलिन दुप्पट जोराने हृदयावर तुटून पडतं. धडधड वाढते, बीपी उसळतं, आणि ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत त्यांना छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकही येऊ शकतो. अरुंद झाल्यात की नाही हे आपल्याला बाहेरून कळत नाही. म्हणून ही गोळी थांबवायचीच असेल तर डॉक्टर ती साधारण एक ते दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात.

आणि गोळी अचानक बंद होते ती बहुतेकदा मुद्दाम नाही. स्ट्रिप संपते, माणूस गावाला गेलेला असतो, चिठ्ठी घरी राहते. आठवड्याच्या गोळ्या उरल्या की पुढच्या आणायच्या, एवढं अंगी लावून घे. प्रवासात गोळ्या हातातल्या बॅगेत ठेव आणि चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये.

एखादी गोळी चुकली तर आठवल्याबरोबर घे. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून दे. भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत. ठोके फार मंदावतात, बीपी खाली जातं, माणूस उठता उठता कोसळतो. सलग दोन-तीन दिवस राहून गेली असेल तर आधी डॉक्टरांना फोन.

तुझी स्ट्रिप हातात घे आणि नावापुढची अक्षरं वाच. मेटोप्रोलॉल सक्सिनेट आणि मेटोप्रोलॉल टार्ट्रेट ही दोन वेगळी औषधं समज. सक्सिनेटची गोळी औषध हळूहळू सोडते, दिवसातून एकदा पुरते. टार्ट्रेट सहसा दिवसभरात विभागून घेतात. एकाऐवजी दुसरी चालत नाही. तुझी सावकाश सुटणारी असेल तर ती चावायची नाही, कुटायची नाही. चोवीस तासांचं औषध एकदम अंगात जाईल. मधोमध खाच असेल आणि डॉक्टरांनी अर्धी सांगितली असेल तर खाचेवर तोड, पण ती अर्धीही अख्खीच गीळ. जेवणाबरोबर किंवा जेवल्यावर लगेच, रोज एकाच वेळी.

बीपी मोजण्यावरून मला तुला रागवायचंय. जिने चढून आलास की पट्टा बांधतोस, आणि बोलत बोलत मोजतोस. त्या आकड्याला काय अर्थ? आधी लघवीला जाऊन ये. अर्धा तास आधी चहा-कॉफी, सिगारेट, व्यायाम नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर टेकवून, एकावर एक न टाकता, पाच मिनिटं गप्प बस. पट्टा उघड्या दंडावर, दंड छातीच्या उंचीला, हात टेबलावर टेकलेला. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोज आणि दोन्ही आकडे वहीत लिही, चांगला आलेला तेवढाच नाही. नाडीही मोजत जा: मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवून तीस सेकंद, मग दुप्पट. अंगठ्याने मोजू नकोस, त्याची स्वतःची नाडी लागते. नाडी पन्नासच्या खाली जाऊ लागली किंवा उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळव.

आता जे तू मला कधीच सांगणार नाहीस ते. या गोळीने थकवा येतो, हात-पाय गार पडतात, काही पुरुषांना शरीरसंबंधात अडचण येते. मी आई आहे म्हणून हे लिहायला संकोच करत नाही, कारण कित्येक जण नेमके याच कारणाने गुपचूप गोळी सोडतात. डॉक्टरांना स्पष्ट सांग. दुसरी औषधं आहेत, डोस बदलता येतो.

सर्दीच्या गोळ्यांमध्ये नाक मोकळं करणारं फेनिलएफ्रिन किंवा स्यूडोएफेड्रिन असतं, त्याने बीपी चढतं. आयब्रुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनीही चढतं आणि मूत्रपिंडावर ताण येतो. पाठ दुखली की परस्पर घेऊ नकोस, बहुतेकांना पॅरासिटामॉल त्याहून बरं. कोणत्याही नव्या डॉक्टरांकडे, दातांच्यासुद्धा, पहिलं वाक्य 'मी मेटोप्रोलॉल घेतो' हे हवं. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही बीपीची आणि हृदयाची दुसरी औषधं, त्यातलं एखादं याच्या जोडीला आलं तर ठोके धोकादायक मंदावू शकतात, आणि दमा असेल तर ही गोळीच जपून द्यावी लागते. लहानपणी तुला धाप लागायची, ते डॉक्टरांना सांगितलंस का? नसेल तर आजच सांग.

छातीत दुखलं किंवा दाटून आलं, दम लागला, शुद्ध हरपल्यासारखं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर थांबून बघत बसायचं नाही, सरळ इमर्जन्सीला जायचं. १८०/१२० च्या वर आकडा आला आणि यातलं काही नसेल तर शांत बसून पुन्हा मोज. तितकाच आला तर लगेच डॉक्टरांना फोन कर.

पुढच्या तपासणीला ती वही घेऊन जा आणि गोळी कमी होईल का, हा प्रश्न तिथे विचार. ते काय म्हणाले ते मला कळव, आणि तोवर आजची गोळी घे.

तुझी,
आई