पाकिटात लायसिन किती, मेथिओनिन किती, ते लिहिलं काहून नाही?

नमस्कार साहेब,

मी नागपूरचा, उमरेड रोडला माझं अर्ध्या एकराचं तळं आहे, रोहू, कटला, मृगळ पाळतो. ऑगस्टमध्ये १,५०० बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) सोडली आणि तेव्हाच तुमच्या कंपनीची माशांची अमिनो ॲसिड पावडर घेतली, किलोचं पाकीट ६४० रुपयाला, अशी १२ पाकिटं. पक्कं बिल आहे, फोटो जोडला आहे.

खाद्य मी घरीच बनवतो, सोयाबीनची ढेप, शेंगदाण्याची ढेप अन् तांदळाचा कोंडा. ढेपेत प्रोटीन भरपूर, पण प्रोटीन ज्या अमिनो ॲसिडांचं बनतं त्यातली लायसिन अन् मेथिओनिन ही दोन माशाला खाद्यातूनच मिळावी लागतात; सोयाबीनमध्ये मेथिओनिन कमी पडतं आणि शेंगदाण्याच्या ढेपेत तर लायसिन पण कमी, आणि यातलं एक जरी कमी पडलं की बाकीचं प्रोटीन माशाच्या अंगाला लागत नाही, ते जळतं आणि कल्ल्यातून अमोनिया होऊन पाण्यात येतं. म्हणून पावडर घेतली, हौस म्हणून नाही.

तुमच्या माणसाने सांगतलं की बादलीत घोळा आणि सरळ तळ्यात ओता. मी ४ पाकिटं तशीच ओतली. पाणी गडद हिरवं झालं आणि ऑक्टोबरमध्ये एक दिवस ढगाळ होता, त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाह्यलं तर सगळे मासे वर तोंड काढून हवा घेत होते, मोटर लावून पाणी फिरवलं तरी ४३ मेले. हाताने उचलून काढले साहेब, खूप वाईट वाटलं. नंतर तेलंगखेडीच्या मत्स्य महाविद्यालयात जाऊन विचारलं तेव्हा कळलं की ही पावडर पाण्यात विरघळून जाते, माशाच्या पोटात जातच नाही, पाण्यात नायट्रोजन वाढून शेवाळ मात्र पोसलं जातं, अन् तेच शेवाळ रात्री पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतं. खाद्यात कालवून, वरून तेलाचा हात देऊन, दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं द्यायला पाहिजे. तुमच्या माणसाला हे माहीत नव्हतं का?

मग २ पाकिटं तशी कालवून दिली. जानेवारीत जाळं टाकलं तर रोहू सरासरी १८० ग्रॅम, आणि शेजारचा भाऊ, तेच बीज, तीच ढेप, पावडर काहीच नाही, त्याचा १९०. थंडीत वाढ मंदावते हे मला माहीत आहे, ते तुमच्यावर ढकलत नाही.

मुख्य तक्रार पाकिटाची आहे. त्यावर फक्त 'एकूण अमिनो ॲसिड ३५ टक्के' एवढंच छापलंय. पिसांपासून किंवा जिलेटिनपासून बनवलेल्या मालातही एकूण आकडा मोठा येतो, पण त्यात लायसिन-मेथिओनिन थोडंच असतं. कार्प माशाला (रोहू, कटला, मृगळ त्यातलेच) १०० ग्रॅम प्रोटीनमागे साधारण ५.७ ग्रॅम लायसिन लागतं, म्हणजे २८ टक्के प्रोटीनच्या किलोभर खाद्यात १६ ग्रॅमच्या आसपास. ढेपेतून किती येतं ते मी काढतो, पण उरलेलं भरायला तुमची पावडर किती टाकू? तुम्ही लिहिता किलोभर खाद्याला ५ ग्रॅम, त्यात सगळी अमिनो ॲसिडं मिळूनच पावणेदोन ग्रॅम होतात, मग लायसिन त्यातलं किती?

मला या बॅचचा लॅब रिपोर्ट पाहिजे, लायसिन आणि मेथिओनिन वेगवेगळं लिहिलेला. १२ पाकिटांचे ७,६८० रुपये परत पाहिजेत. आणि तळ्यात ओता असं सांगणं आजच बंद करा, आमच्या भागात अजून बरेच जण तसंच ओतत आहेत.

६ पाकिटं सीलबंद ठेवली आहेत, बॅच नंबर त्यावर आहे, माणूस पाठवा आणि घेऊन जा.

आपला ग्राहक,
एक मत्स्यपालक, नागपूर