दर्या की दऱ्या

पुणे, १२ जानेवारी २०२५

प्रिय दिल्या,

सात महिने झाले पत्र नाही, दिवाळीतही नुसता मेसेज टाकला, तू चिडला असणार आणि ते बरोबरच आहे. माझी शुगर आटोक्यात आहे, हिचा खांदा आता हलतो. झालं तब्येतीचं. आज लिहायला बसलोय कारण अण्णांच्या वारीच्या पुस्तकाची फाईल उघडली. पूर्ण नाही, पण उघडली. हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू?

आधी लॅपटॉपचं सांगतो, कारण तिथूनच सगळं सुरू झालं. नोव्हेंबरात मॅकबुक प्रो घेतला, एम फोर प्रो चिपवाला, चौदा इंची. दोन लाख. हो, दोन लाख. दोन दिवाळी अंकांचे आणि त्या विश्वकोशासारख्या जाडजूड स्मरणिकेचे पैसे होते, त्यातून रोख घेतला, हप्ता नाही. ही दोन दिवस बोलली नाही, मग तिसऱ्या दिवशी स्वतःच स्क्रीन पुसायला मऊ फडकं आणून दिलं.

दिल्या, ती स्क्रीन तू बघायला हवी. ३०२४ बाय १९६४ पिक्सेल, चौदा इंचात. आपला तो पंधरा इंची मॉनिटरचा डबा आठव, ८०० बाय ६००, त्यावर बारा पॉइंटाचं अक्षर म्हणजे जिन्याच्या पायऱ्या, शिरोरेखा कुठे जुळली कुठे तुटली ते लेझरचा प्रिंट हातात येईपर्यंत कळायचंच नाही. इथे पहिल्या दिवशी मी नुसता एक 'क्ष' मोठा केला आणि त्याची गाठ बघत बसलो. टीरो देवनागरी मराठी म्हणून एक फॉन्ट आहे, फुकट मिळतो, त्यातला ल आपला मराठी ल आहे, दांडीवाला हिंदी नाही, श पण आपला. आपण पंचवीस वर्षं जे प्रिंटवर भिंगातून बघायचो ते आता नुसत्या डोळ्यांनी दिसतं. पंखा आहे आत पण ऐकूच येत नाही. सकाळी आठला चार्जर काढला तर रात्री जेवण झाल्यावरही बॅटरी शिल्लक. लोडशेडिंगमध्ये यूपीएस किंचाळायला लागला की तू 'सेव्ह कर, सेव्ह कर' ओरडत दुकानाबाहेरून पळत यायचास, ते आठवून मी परवा एकटाच हसलो.

रॅम २४ जीबी. आपण तापकीर गल्लीतून ३२ एमबीची पट्टी आणली होती, तू ती शर्टाच्या खिशात ठेवून वर हात धरून चालत होतास. हिशोब केला, ७६८ पट. पण इथे नंतर पट्टी वाढवता येत नाही, सगळं बोर्डावरच जोडलेलं, म्हणून घेतानाच विचार करून जास्त घ्यावी लागली. सीडीची सोय नाही, जुना पेनड्राइव्हसुद्धा सरळ लागत नाही, त्याला वेगळं कनेक्टर. बाहेरून लावायचा सीडी ड्राइव्ह आणला आणि माळ्यावरचा तो बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढला.

६१ सीडी. त्यातल्या नऊ मेल्या, वाचल्याच गेल्या नाहीत. 'अण्णा वारी फायनल १९९९' वाचली गेली.

पेजमेकरची, म्हणजे पानं लावलेली फाईल काही उघडली नाही, ते अपेक्षितच होतं, त्याची शेवटची आवृत्ती २००१ ची. पण तू शहाणा माणूस, मजकुराची वेगळी वर्ड फाईल ठेवली होतीस. ती उघडली तर सगळे डॉलर, कंस, टोपी घातलेले इंग्रजी ए. पानंच्या पानं. आपला तो जुना फॉन्ट टाकून बघितला तर अर्धी अक्षरं आली, अर्ध्या चौकटी. तेव्हा संगणकाला मराठी येतच नव्हतं ना, इंग्रजी अक्षराच्या जागी आपण मराठीचं चित्र बसवायचो, फॉन्ट गेला की मागे इंग्रजी उरतं.

तू मला २००६ मध्ये हेच सांगत होतास. युनिकोडला चल, त्यात मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट बदलला तरी मजकूर टिकतो, नाहीतर दहा वर्षांनी आपलंच काम आपल्याला वाचता येणार नाही. आणि मी म्हणालो होतो की युनिकोडच्या त्या मंगल फॉन्टमध्ये पुस्तक छापलं तर लोक पैसे परत मागतील. पेजमेकर युनिकोड घेत नव्हता हे माझं म्हणणं तेव्हा खरं होतं, अजूनही सांगतो खरं होतं. पण तुझं जास्त खरं होतं. त्या भांडणात मी तुला जे बोललो, 'तुला काम टाळायचंय' असं, ते मी बोलायला नको होतं. तू सांगलीला निघून गेलास त्यात त्या वाक्याचा वाटा होता हे मला माहीत आहे.

तर फाईल जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढली. जुन्या फॉन्टात आपण जसं दिसतं तसं टाईप करायचो, पहिली वेलांटी अक्षराच्या आधी, रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये उलटं, वेलांटी नंतर आणि रफार आधी. कन्व्हर्टर वेलांटी हलवतो पण वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकतो, म्हणून सगळीकडे 'कार्तिकी'चं 'कातिर्की' झालंय. कातिर्की एकादशी, कातिर्की वारी. ते सोपं आहे, शोधून बदललं. दुसरं सोपं नाही.

आठवतं का, त्या फॉन्टातला 'ऱ्या'मधला आडवा र बटर पेपरवर उमटायचाच नाही? तू म्हणालास, सगळीकडे रफारच दे, शेवटच्या प्रूफात हाताने काढू. शेवटचं प्रूफ निघालंच नाही, अण्णा मार्चमध्ये गेले. आणि त्या जुन्या मॉनिटरवर रफार काय आणि आडवा र काय, एक ठिपका दिसायचा, म्हणून मी विसरूनही गेलो होतो. या स्क्रीनवर एकेक रफार उभा आहे डोळ्यासमोर. 'वारकर्यांनी.' 'भाकर्या.' 'दुसर्या दिवशी.' पूर्ण पुस्तकभर. सरसकट बदलता येत नाही, कारण सूर्य, धैर्य, कार्य, ऐश्वर्य यांचे रफार खरे आहेत. म्हणून एकेक वाचून, शिफ्ट जे दाबून ऱ, मग पाय मोडायचा, मग य. इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकतोय मी, डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. टाइपरायटरची सवय असलेली बोटं चुकतात, पण अण्णांच्या मजकुरावर शिकतोय म्हणून कंटाळा येत नाही. जेजुरीच्या मुक्कामात एका ठिकाणी 'आचार्यांनी पिठलं ढवळलं' असं निघालं, अण्णा असते तर पोट धरून हसले असते. स्वयंपाकी एकदम विद्यापीठात!

जेजुरीच्या पुढे, नातेपुत्यापर्यंत झालंय. पण मागे एका जागी मी अडकलोय आणि चार दिवस झाले पुढे जाववत नाही नीट. दिवेघाट चढून वर आल्यावरचा परिच्छेद. अण्णा लिहितात, 'मागं वळून पाहिलं. खाली दर्या, वर माउली.' एवढंच. आता हा दर्या आहे की दऱ्या? दऱ्या म्हणावं तर घाट आहे, बरोबर बसतं. दर्या म्हणावं तर खाली वळणावळणाने चढत येणारी ती सगळी माणसं, पताका, त्याला अण्णा दर्या म्हणाले असतील. खाली मस्तानी तलाव आहे खरा, पण तळ्याला दर्या म्हणणारा माणूस नव्हता तो. मला मनातून दर्या वाटतं. पण मला वाटून काय उपयोग, वाक्य त्यांचं आहे, बावीस वर्षं त्यांनी तो घाट चढलाय, माझ्या अंदाजाने त्यात आडव्या र ची चंद्रकोर घालायची किंवा काढायची हे मला जमणार नाही. ऑपरेटर म्हणून आपण तेवढं एकच पाळलं आयुष्यभर, मूळ प्रतीला हात लावायचा नाही.

छापायचं का, किती प्रती, पैसे कुठून, ते नंतर बोलू. ले-आउट मी करतो, त्याचे पैसे काढलेस तर मी फोन ठेवीन. फक्त मजकूर अण्णांनी लिहिला तसाच हवा.

बाकी पोरीचं कॉलेजचं कळलं, तिला माझा आशीर्वाद सांग, आणि तुझ्या दुकानासमोरच्या रस्त्याचं काम संपलं की नाही? वहिनींना गुडघ्यासाठी जिना टाळायला सांग. तिळगूळ कुरिअरने पाठवलाय, परवापर्यंत मिळेल.

आणि निळ्या ट्रंकेत तळाला अण्णांची हिरव्या बांधणीची वही असेल, वहिनींनी जुन्या कागदांबरोबर दिली नसेल तर. त्यांच्या हाताचा आडवा र स्पष्ट असायचा, शेपूट लांब ओढायचे. दिवेघाटचं पान काढ आणि त्या एका ओळीचा फोटो पाठव. उजेडात काढ, सावली पडू देऊ नकोस.

तुझा,
सुन्या