बाबा, गाडी अजून उभीच आहे

ॲबिंग्डन, इंग्लंड
रविवार, रात्री

ती. बाबा आणि ती. आईस,
सा. न. वि. वि.

मी घेतलेल्या जुन्या गाडीचा गंजलेला पत्रा कापायचं चाललंय असं सांगितल्यावर, तीन आठवड्यांपूर्वी बाबांनी फोनवर विचारलं होतं, "दार लावून बघितलंस का?" आणि मी "हो हो, बघितलंय सगळं" म्हणून विषय बदलला होता. बघितलं नव्हतं. त्याची फळं भोगून झाली, म्हणून आज लिहायला बसलोय. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही मध्येच हसला असता आणि पुढचं राहून गेलं असतं.

आधी आईला. जेवण-झोप वेळेवर आहे. वेल्डिंग करताना तोंडावर पूर्ण मुखवटा असतो आणि पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजबाहेर लांब ठेवलीय. नखं काळी आहेत ती ग्रीसनं. त्यावरून सूनबाईचं बोलून झालंय, तू परत नको बोलूस.

बाबा, गाडी १९६६ ची एमजीबी आहे. दोन माणसांची, छप्पर नसलेली. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस, हे मलाही इथे आल्यावर कळलं. कारखाना आमच्या याच गावात होता, १९२९ पासून १९८० पर्यंत. एमजीबी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली आणि पाच लाखांच्या वर झाली. तुम्हाला आवडेल अशी गोष्ट म्हणजे इथे जोडणीच्या रांगेला चालता पट्टा नव्हता. गाडी हातानं ढकलत पुढच्या माणसाकडे न्यायची. आमच्या गॅरेजातही ती हातानंच ढकलली जाते, फक्त पुढे माणूस नाही, भिंत आहे.

माझ्या जोडीला शेजारचे आजोबा असतात. त्यांच्याकडे याच मॉडेलची गाडी गेली कित्येक वर्षं आहे आणि तिच्या एकाही नटाला त्यांनी दुसऱ्याला हात लावू दिलेला नाही. मी त्यांना 'मिस्त्री' म्हणतो. अर्थ सांगितल्यापासून ते फोनवर स्वतःचं नावही तेच सांगतात. माणूस बोलतो कमी. मी चुकत असलो की काही न बोलता माझ्याकडे न बघता चहा पितात, त्यावरून ओळखायचं.

तर दाराची गोष्ट.

या गाडीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नाही. पत्र्याची पेटी हीच चासी. बंद गाडीत छप्परही भार उचलतं, हिला छप्परच नाही, त्यामुळे दोन्ही दारांखालून जाणारे लांब पोकळ खोके सगळा भार घेतात. त्याला इथे सिल म्हणतात. बाहेरचा पत्रा, मध्ये उभा पडदा, आतला पत्रा आणि तळाशी एक घडीची पट्टी, तिला कॅसल सेक्शन म्हणतात. या थरांत पाणी शिरलं की आतून गंज सुरू होतो आणि बाहेर रंग चकाकत राहतो.

विकत घेतली तेव्हा सिल गुळगुळीत दिसत होती. मिस्त्रींनी खिशातून लोहचुंबक काढलं, दाराखाली लावलं, आणि ते खाली पडलं. जरा पुढे लावलं, परत पडलं. आत सगळी लांबीच (पुट्टी) भरलेली! ती खरवडली तर खाली पत्र्यावर पत्रा चढवलेला, त्याच्या खाली जाळी, आणि जाळीच्या खाली मूळचा पत्रा बिस्किटाच्या चुऱ्यासारखा. स्क्रूड्रायव्हर टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला. आधीच्या कोणी मालकानं गंज न कापता वरून नवं झाकण बसवलं होतं. त्याला का दोष द्या? नीट करायचं तर पुढचा मडगार्ड उतरवावा लागतो, त्याचे काही बोल्ट डॅशबोर्डच्या मागे लपलेत, आणि मागचा मडगार्ड वेल्ड केलेला, त्याचं खालचं टोक कापावंच लागतं, कारण सिल त्याच्याही आत जाते. एका दिवसाचं काम महिन्याचं होतं.

मी मात्र नीट करायला निघालो होतो. गाडी पुढून-मागून स्टँडवर चढवली. काम करायला मोकळं पडावं म्हणून डावं दार काढून भिंतीला टेकवलं. जुने स्पॉट वेल्ड ड्रिलनं एकेक सोडवले, ग्राइंडरनं बाहेरचा पत्रा कापला, मधला पडदा कापला, तळाची पट्टीही काढली. त्या वेळी मिस्त्री चहा पीत होते. मला कळायला हवं होतं.

नवे पत्रे छान बसले. टॅक, म्हणजे तात्पुरते छोटे टाके, मारले. दुसऱ्या दिवशी हौसेनं दार परत लावलं, तर मागच्या कडेला, वरच्या बाजूला, जिथे आधी चार मिलिमीटर फट होती तिथे पोस्टकार्ड जाईना. आणि खालच्या बाजूला बोट जाईल एवढी फट. दार ढकललं तर पत्र्याला पत्रा घासला आणि रंगाची साल निघाली. सिल कापल्यावर गाडीची मधली कंबरच गेली होती. दोन्ही टोकं स्टँडवर, मध्ये काही नाही, म्हणून ती मधोमध लवली आणि दाराची चौकट वरून मिटली. आणि त्या लवलेल्या आकारावर मी नवी सिल टॅक करून ठेवलेली. तशीच पूर्ण वेल्ड केली असती तर ती कायमची वाकडी झाली असती.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला, ग्राइंडर उचलला आणि माझ्या हातात दिला. बस्, एवढंच.

सगळे टॅक कापले. मग त्यांनी शिकवलं तसं केलं. गाडीच्या पोटाखाली, दोन्ही बाजूंना जोडणाऱ्या आडव्या भागाला, लाकडाचा ठोकळा देऊन जॅक लावला. जॅक एकेक दात वर, आणि दर वेळी दाराची फट मोजायची. मोजायला काय वापरलं विचाराल तर तुमचं फिलर गेज, ते ठरावीक जाडीच्या पातळ पानांचं. ते जाड फटीला पुरत नाही म्हणून पानं एकावर एक ठेवून चार मिलिमीटर जमवले. वर-खाली फट सारखी झाल्यावर दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलपाच्या खांबापर्यंत, चौकोनी नळीची तिरपी दांडी वेल्ड केली, म्हणजे आता चौकट हलूच शकत नाही. ही दांडी सिल कापायच्या आधी ठोकायची असते. आधी. हे बाबा, तुम्ही गाडी न बघता विचारलंत, आणि मी समोर बसून विसरलो.

त्यानंतर घाई केली नाही. दार लावून ठेवायचं, दर दोन-तीन इंचांवर छोटा टाका, मग दुसऱ्या टोकाला जायचं, म्हणजे एकाच जागी तापून पत्रा ओढला जात नाही. प्रत्येक फेरीनंतर दार उघडून-लावून बघायचं. मागच्या शनिवारी शेवटची फेरी झाली. तुमच्या नातीनं एका बोटानं दार ढकललं आणि ते खट्कन बसलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र ती पोरगी दहा-बारा वेळा उघड-बंद करत राहिली तरी थांबवावंसं वाटेना.

उजवी बाजू अजून बाकी आहे. पण ती आता आधी दांडी लावून.

विजेचं सांगतो, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. या गाडीत बॅटरीचा अधिक टोकाचा केबल बॉडीला जोडलाय. होय, पॉझिटिव्ह अर्थिंग! १९६७ पर्यंतच्या एमजीबी अशाच. बॅटऱ्याही दोन, सहा-सहा व्होल्टच्या, सीटच्या मागे झाकणाखाली. पहिल्या दिवशी मी सवयीनं उलट्या जोडणार होतो. आणि अख्ख्या गाडीला चालू फ्यूज फक्त दोन. तारांचे रंग मात्र ठरलेले आहेत: तपकिरी कायम चालू, पांढरी चावी फिरवल्यावर, हिरवी फ्यूजनंतरची, काळी बॉडीची. मी भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय, तिथे नातीनं शेजारी फूल काढलंय.

चावी फिरवली की मागच्या चाकाजवळून पेट्रोलचा विजेचा पंप टिकटिक करतो. कार्बोरेटर भरले की थांबतो. थांबलाच नाही तर कुठेतरी गळती, आणि वाजलाच नाही तर पॉइंट, म्हणजे आतले विजेचे संपर्क, चिकटलेत. तेव्हा म्हणे लाकडी दांडक्यानं त्याला हळूच टोला द्यायचा, की सुरू. हे मिस्त्री एवढ्या गंभीरपणे सांगत होते की मी वहीत लिहून घेतलं. पेट्रोलच्या रबरी नळ्या मात्र सगळ्या बदलल्या. २०२१ पासून इथे साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. काढलेली नळी वाकवून बघितली तर पापुद्रे सुटले.

कार्बोरेटर दोन आहेत, एसयू जातीचे. वरून घुमटासारखे, आत पिस्टन तरंगतो. घुमटात चमचाभर पातळ तेल लागतं. पिस्टन बोटानं वर उचलून सोडला की खाली बसताना 'टक्' असा मऊ आवाज आला पाहिजे. आमच्या पुढच्या कार्बोरेटरचा आवाज छान आहे, मागचा मुकाच. आत कुठेतरी घासतोय. मिस्त्री म्हणतात, आज नाही, तो रविवार वेगळा.

तुम्ही विचारलं होतं, एवढ्या पैशात आणि एवढ्या रविवारात एक बरी गाडी आली नसती का? आली असती. खरं तर या मॉडेलची अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. जुने साचे जपून ठेवलेत आणि १९८८ पासून त्यावर नव्या बॉड्या निघतात. ती आणून इंजिन आणि चाकं त्यात घातली असती तर मला सिल ओळखावीच लागली नसती. पण मला गाडी चालवायची कमी आणि पत्रा शिकायचा जास्त होता, हे आता कळतंय. सूनबाईला कधीच कळलं होतं.

इथे चाळीस वर्षांहून जुन्या गाड्यांना कर भरावा लागत नाही आणि फार बदल केलेले नसतील तर वार्षिक तपासणीही सक्तीची नाही. मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार: "मग ब्रेक कोण बघणार?" म्हणून मी तपासणी करूनच रस्त्यावर आणणार आहे. तसं तुमच्या शब्दाखातर, आणि मिस्त्रींच्या चहाच्या कपाखातर.

टॅपेटची, म्हणजे इंजिनच्या व्हॉल्व्हजवळची, फट मोजायला ते फिलर गेज आता कामाला येईल. पुस्तकात ०.०१५ इंच दिलंय, म्हणजे ०.३८ मिलिमीटर. तुमच्या गेजमध्ये ०.३५ आहे आणि ०.४० आहे, मधलं नाही. ०.३५ सहज जावं आणि ०.४० अडावं असं धरू ना?

आणखी एक काम आहे, तेवढं मात्र फोनवर नको, लिहूनच कळवा. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डचा एक स्टड (बिनडोक्याचा बोल्ट) इंजिनच्या हेडमध्ये मोडलाय, जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर आहे, आटे गंजलेले. मिस्त्री म्हणतात त्यावर नट वेल्ड करा, उष्णतेनं सुटेल आणि पान्यानं फिरवता येईल. मी आधी ड्रिल करायला निघालो होतो, तर त्यांनी कप उचलला. तुम्ही अशा वेळी काय करायचात? नट वेल्ड केल्यावर थंड होऊ द्यायचा की गरम असतानाच फिरवायचा?

आईला सांगा, फोटो ताईच्या फोनवर पाठवतो. दांडीसकट.

तुमचा,
धाकटा