बाबा, मी तो फॉर्म भरणार नाही

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

बाबा, लोकसेवा आयोगाची पुढची जाहिरात कधीही निघो, मी सरकारी नोकरीचा फॉर्म भरणार नाही. फोनवर हा विषय निघाला की "बरं, आईशी बोल" म्हणून तुम्ही फोन तिच्याकडे देता, म्हणून पत्र लिहायला बसले आहे. शेवटपर्यंत वाचा. आई, त्यांना डोळ्यामुळे अक्षर लागत नसेल तर तू वाचून दाखव.

तुम्हाला सरकारी नोकरी का हवी आहे, हे मला कोणी समजवायला नको. कारखाना बंद पडला तेव्हा मी सातवीत होते. आई रात्री उशिरापर्यंत फॉल-पिको करत बसायची आणि तुम्ही रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचात, जायला कुठेच नसताना, शेजारीपाजारी कळू नये म्हणून. पहिल्या तारखेला पगार जमा होणं म्हणजे काय, हे त्या घरात वाढलेल्या मुलीला माहीत आहे. २०२५ मध्ये पशुधन विकास अधिकाऱ्याच्या, म्हणजे जनावरांच्या सरकारी डॉक्टरच्या, २,७९५ जागा निघाल्या, तेव्हा लाल पेनाने खुणा केलेलं कात्रण तुम्ही मला का पाठवलंत, तेही मला कळलं होतं.

ती नोकरी कमी दर्जाची आहे असं मी कधीच म्हणणार नाही. २०२२ ला गुरांमध्ये लम्पी या त्वचारोगाची साथ आली तेव्हा त्याच डॉक्टरांनी गोठ्यागोठ्यात जाऊन लस टोचली. माझ्या बॅचचे कितीतरी जण तिथे आहेत, मनापासून काम करतात. पण माझा जीव ज्या कामात आहे ते इथलं आहे, जुन्नरच्या बिबट्यांचं. हे खूळ नाही, हे तुम्हाला एकदा नीट सांगायचंय.

इथे कुकडीच्या धरणांचं पाणी फिरलं आणि नजर पोचेल तिथवर ऊस झाला. वर्ष-दीड वर्ष उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, गावात कुत्री आणि शेळ्या मिळतात. मादी उसातच विते. तिच्या पिल्लांनी जंगल पाहिलेलंच नसतं. मग तोड सुरू होते, कोयता चालता चालता पिल्लं दिसतात, फड थांबतो आणि आमचा फोन वाजतो.

मागच्या हंगामात बीडकडून तोडीला आलेल्या एका ताईला पाचटात तीन पिल्लं दिसली. तिने स्वतः हात लावला नाही आणि दुसऱ्या कुणाला लावू दिला नाही. तिचं स्वतःचं तान्हं मूल कोपीत झोपलेलं होतं. मी पोचले तेव्हा पिल्लांचे डोळे नुकते उघडलेले, निळसर. डोकी माझ्या मुठीत मावतील एवढी, पण फिसकारत होती जोरात. एकेकाचं वजन केलं. कानांमागचे गोचीड चिमट्याने काढले. अंगातलं पाणी कमी झालंय का, ते मानेची कातडी चिमटीत धरून पाहिलं. संध्याकाळी, जिथे सापडली होती अगदी त्याच सरीत, क्रेटमध्ये ठेवली, कॅमेरा लावला आणि गाडी लांब नेऊन दिवे बंद केले.

मादी आली ती आधी क्रेटभोवती फिरली. लांब जाऊन बसली. मग पंजाने झाकण ढकललं आणि एकाला मानेला धरून घेऊन गेली. बऱ्याच वेळाने दुसऱ्यासाठी आली. तिसऱ्याला यायला इतका उशीर केला की आता ती येत नाही असं आम्हाला वाटायला लागलं होतं. ते तिसरंही नेलं, तेव्हा आमच्या ड्रायव्हरकाकांनी स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले.

हे प्राण्यांचे लाड नाहीत, बाबा. पिल्लं नाहीशी झालेली मादी बिथरते, त्याच शिवारात शोधत फिरते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच मजूर आणि त्यांची पोरं असतात. पिल्लं आईकडे गेली तर ती माणसंही वाचतात. उपचार चुकला, पिल्लू अशक्त राहिलं, तर ती त्याला सोडूनही जाऊ शकते. म्हणून तिथे जनावरांचा डॉक्टर लागतो, आणि त्या रात्री ती डॉक्टर मी होते.

आई, तुला इथल्या बातम्यांनी झोप येत नाही, हे मला माहीत आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलं गेली, एक आजी गेल्या. लोकांनी रस्ते अडवले. त्या घरातल्या माणसांपुढे "बिबट्याला वाचवा" म्हणायचं तोंड माझ्याकडे नाही आणि मी तसं म्हणतही नाही. त्यांचा राग खरा आहे. पण सरसकट पकडून लांब नेऊन सोडल्याने काय होतं, हेही याच जुन्नरने पाहिलंय. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांनी त्यावर अभ्यास केला. जिथे बिबटे नेऊन सोडले, तिथे माणसांवरचे हल्ले वाढले. म्हणजे एका गावाची भीती दुसऱ्या गावाच्या पदरात घालायची. या प्रश्नाचं सोपं उत्तर कुणाकडेच नाही, आणि म्हणूनच इथे शिकलेली माणसं हवीत असं मला वाटतं.

माझ्या जिवाची काळजी करतेस ना? रेबीजची लस आधीच घेतलेली आहे. जागा असलेल्या बिबट्याजवळ मी कधी एकटी जात नाही. भुलीचं इंजेक्शन लागल्यावरही थांबतो, काठीने हलवून पाहतो, डोळ्यांवर फडकं टाकतो आणि मगच हात लावतो. नंतरचा सगळा वेळ घड्याळ, श्वास आणि ताप मोजण्यात जातो.

पैशांचं स्पष्ट लिहिते. पुण्यातल्या दवाखान्यात मिळायचा त्यापेक्षा पगार कमी आहे आणि करार वर्षावर्षाने वाढतो. पण घरी पाठवते त्यातला रुपया कमी होणार नाही. तुमच्या दोघांच्या विम्याचा हप्ता भरला आहे, पावती कपाटातल्या निळ्या फायलीत आहे.

आता जे मला लागलंय ते. आत्याकडून कळलं की तुम्ही अजून सगळ्यांना सांगता, "ती परीक्षेचा अभ्यास करते." बाबा, बारावीनंतर एमबीबीएसला नंबर लागला नाही तेव्हा मामा मागे लागला होता, "बीडीएस करू दे, निदान माणसांची डॉक्टर तरी होईल." तेव्हा त्याला गप्प करून मला मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजात घेऊन आलेले तुम्हीच होतात. १८८६ सालचं कॉलेज आहे म्हणून रस्त्यात भेटेल त्याला सांगत होतात. तिथल्या जनावरांच्या बैलघोडा हॉस्पिटलच्या फाटकाशी उभं राहून, आत बांधलेल्या जखमी बैलाकडे बघत मला म्हणालात, "यांना बोलता येत नाही, तू नीट बघत जा." मी तेच करते आहे. मग हे लोकांना सांगायला संकोच का? स्थळाच्या लोकांनी विचारलं तरी हेच सांगा. ज्यांना हे ऐकून पाऊल मागे घ्यावंसं वाटेल, त्यांच्या घरात मलाही जायचं नाही.

तुमचा आशीर्वाद मला हवा आहे. अगदी मनातून हवा आहे. तो मिळेपर्यंत काम थांबवणार नाही, पण मागत राहीन.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी घरी पोचते, रजा मंजूर झाली आहे. थेंब घालायचं काम माझं, आई, तू त्यात पडू नकोस. डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली की दोघांनी माझ्याकडे राहायला यायचं. शिवनेरीच्या पायऱ्या आईला झेपतील तेवढ्या चढू आणि मी काम करते ती जागा बाबांना नव्या डोळ्याने दाखवीन.

बाबांच्या गोळ्यांची जुनी चिठ्ठी शोधून ठेव, ऑपरेशनआधी ती लागेल.

तुमची,
मनू