मोत्याला भाकरी घालणाऱ्या मेंढकेमामांना

मामा, रामराम.

हे पत्र तुमच्यापर्यंत कसं पोचणार याचा विचार करूनच ते असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. दिवाळी झाली की तुमचा वाडा, म्हणजे माणसं-मेंढरांचा अख्खा तांडा, घाट उतरून कोकणात जातो आणि पावसाच्या तोंडाशी वर येतो. मधल्या महिन्यांत तुमचा पत्ता म्हणजे त्या रात्री ज्या शेतात वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, लागली ते शेत. तुमचा नंबर होता, तोही आता लागत नाही. तुमच्या नातीच्या हातात मोबाईल असायचा, कुणीतरी तिला हे पाठवेल आणि ती तुम्हाला वाचून दाखवेल, एवढ्यावर लिहिते आहे.

आमचा कुत्रा मोत्या गेला. म्हातारपणानं गेला, घरात, भावाच्या खाटेखाली. मग तुमची आठवण निघाली, आणि लक्षात आलं की तुमचे आभार आम्ही नीट मानलेच नव्हते. भावानं तेव्हा तुमच्यापुढे नोटा धरल्या होत्या. तुम्ही त्या घेतल्या नाहीत, आणि विषय तिथंच संपला.

तो आमच्याकडे आला बाजाराच्या पिशवीतून. भावजयीनं राहुरीकडच्या माहेराहून आणला होता. रविवारी तो तिच्या मागं चर्चला यायचा, व्हरांड्यात चपलांच्या शेजारी बसायचा आणि गीत सुरू झालं की आपलाही सूर लावायचा. पाळकसाहेब एकदा म्हणाले होते, निम्म्या मंडळीपेक्षा हा नियमित आहे. 2021 च्या मे महिन्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत भावजय गेली. मोत्या फाटकापाशी बसून राहायला लागला आणि भावानं चर्चला येणं बंद केलं. त्याच्या सांत्वनाला आलेल्यांपैकी काहींनी त्याला ऐकवलं होतं की प्रार्थनेत विश्वास कमी पडला असेल. नगर जिल्ह्यात मिशन 1831 पासून आहे, उपदेशाची आमच्याकडे टंचाई नाही.

मग लक्ष्मीपूजन आलं, 4 नोव्हेंबर. माणसाला वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून जास्त. सुतळी बॉम्ब त्याच्या कानात काय करत असेल ते त्यालाच ठाऊक. साखळीची कडी तुटली आणि तो अंधारात, धुरात गेला. संगमनेरपासून आळेफाट्यापर्यंत नाशिक-पुणे रस्ता आम्ही विचारत फिरलो. तोपर्यंत तो तुमच्या मेंढरांमागं चालायला लागला होता, हे कुणाच्या मनात येणार?

तुमचा फोन आला तेव्हा वाडा ओतूरच्या पुढं होता, माळशेजच्या वाटेवर. पट्ट्यावर लिहिलेला नंबर भावजयीचा. भाऊ त्यावर रिचार्ज मारत राहिला होता. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

तो मोटारसायकल घेऊन निघाला आणि त्या रात्री परत आला नाही, तुमच्याकडेच राहिला. त्यानं पुढं तुकड्यातुकड्यानं सांगितलं त्यातून मला तुम्ही कळलात. मोत्याच्या कानामागं किडे पडले होते आणि तुम्ही सीताफळाचा पाला ठेचून जखमेत भरत होता. पहिले काही दिवस तो कुणालाच जवळ येऊ देत नव्हता, तर तुमच्या घरातल्या बाई लांबवर भाकरी ठेवून पाठमोऱ्या बसायच्या. तुमची स्वतःची कुत्री त्याच्यावर धावली तेव्हा तुम्ही त्यांनाच दटावलं. तुम्ही खंडोबाचे, तुमच्या देवाबरोबर कुत्रा चालतो. आमच्या पवित्र शास्त्रात, बायबलमध्ये, कुत्र्याला तेवढा मान नाही. श्रीमंताच्या दारात पडलेल्या गरीब लाजाराच्या गोष्टीत त्याचे फोड चाटणारी कुत्री तेवढी आहेत, आणि माझ्या मते त्या गोष्टीत त्याच्याजवळ गेली ती तीच.

भावानं तुम्हाला विचारलं होतं, याला बांधलं का नाही? तुमचं उत्तर त्यानं मला जसंच्या तसं सांगितलं: "चरता चरता लांब गेलेलं मेंढरू काठीनं वळवता येतं. लांडग्याच्या भ्यानं पांगलेल्याला काठी दाखवली, तर ते आनखी पळतंय. त्याच्याजवळ निस्तं बसावं लागतं."

मी संडेस्कूल घेते. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायातलं हरवलेलं मेंढरू मुलांना दरवर्षी शिकवते, उधळ्या पुत्रही शिकवते. आम्ही सगळ्या हरवलेल्यांना उधळ्या पुत्राच्याच रांगेत बसवतो: वाटा मागून घेतला, दूर गेला, उडवला, आता पस्तावून परत ये. पण यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या 34 व्या अध्यायात देव स्वतः मेंढपाळ होऊन बोलतो, तेव्हा तो हरवलेल्यांना वेगळं मोजतो, हाकलले गेलेल्यांना वेगळं, मोडलेल्यांना वेगळं, दुखणाइतांना वेगळं. आणि मेंढरं पांगली तो दिवस ढगांचा आणि काळोखाचा होता, हेही तो विसरत नाही. त्याच अध्यायात तो आधी मेंढपाळांना खडसावतो, कारण त्यांनी जखमेवर पट्टी बांधली नाही आणि मेंढरांवर जबरदस्तीनं सत्ता चालवली. माझा भाऊ देवाशी भांडून गेला नव्हता. तो घाबरून पळाला होता, आणि आम्ही काठी घेऊन मागं लागलो होतो.

तो आता चर्चला येतो. शेवटच्या बाकावर बसतो, एखादा रविवार येतही नाही. मी विचारत नाही. पाळकसाहेब, हे मोठ्या मनाने सांगायला हवं, अधूनमधून संध्याकाळी येतात आणि त्याच्याबरोबर गोठ्यात बसून कांद्याच्या भावाबद्दल बोलतात.

मामा, एक काम आहे. खालचं शेत यंदा लवकर मोकळं होतंय. परतीच्या वाटेवर वाडा आमच्याकडे टाका, खतासाठी शेतात मेंढरं बसवा. धान्य रिवाजाप्रमाणं देऊच, ते नको म्हणायचं नाही. विहिरीला मेअखेरपर्यंत पाणी असतं. भाऊ म्हणतो, येण्याआधी एक मिस कॉल दिला तरी पुरे. पट्ट्यावरचा तो नंबर अजून चालू आहे.

तुमची,
मोत्याच्या घरची ताई