नऊ एकांचा वर्ग

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, नऊ एकांचा वर्ग इतका देखणा येतो, तर दहा एकांचा का बिघडतो, असे तुम्ही विचारलेत. फोनवर आकडे सांगून त्याचा उलगडा झाला नसता, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

१११११११११ ला तिनेच गुणले की १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संख्या मिळते. गुणाकार शाळेतल्यासारखा उभा मांडा. नऊ ओळी येतील, प्रत्येकीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा एक घर डावीकडे. उजवीकडून पहिल्या घराखाली एकच एक असतो, दुसऱ्याखाली दोन, आणि असे चढत नवव्या घराखाली नऊ एक उभे राहतात. तिथून वरच्या ओळी एकेक करून संपत जातात, म्हणून बेरीजही एकेकाने उतरते. कुठेच हातचा येत नाही, त्यामुळे मांडलेल्या एक्क्याऐंशी एकांपैकी एकही हरवत नाही आणि उत्तरातील अंकांची बेरीज बरोबर ८१ भरते.

संख्येला ८१ ने भागही जातो, पण अंकांची बेरीज ८१ आहे म्हणून नव्हे; ती कसोटी तीन आणि नऊ यांच्यापुरतीच खरी. इथले कारण असे की १११११११११ ला ९ ने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ ने. आई, तुला तोंडी हिशेबाची हौस आहे, म्हणून १२३४५६७९ ला नऊने गुणून पाहा. आठ वगळलेली ही संख्या म्हणजे ३७ आणि ३३३६६७ या दोन मूळ संख्यांचा गुणाकार.

देवळालीच्या शाळेत १९३० ते १९६२ शिकवणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी अशा संख्यांना 'डेम्लो' म्हटले. ती कल्पना त्यांना आपल्या डोंबिवलीच्या स्थानकावर सुचली होती, आणि तिथूनच हे नाव आले. याचा मला फार अभिमान वाटतो. मधला ९ बाजूला ठेवून डावीकडचे १२३४५६७८ आणि उजवीकडचे ८७६५४३२१ मिळवा: ९९९९९९९९. मधला अंकच आठ वेळा उमटतो. १२३२१ मध्येही १२ आणि २१ मिळून ३३ होतात. कापरेकरांची पारखी नजर नेमकी या गुणावर होती.

आता तुमचा प्रश्न. दहा एक घेतले की मधल्या घराची बेरीज १० होते. शून्य लिहून हातचा एक पुढे जातो, पुढच्या घरातील नऊ त्यामुळे दहा होतात, तिथेही शून्य येऊन आणखी एक हातचा जातो, आणि त्यापुढच्या आठाचे नऊ होऊन गाडी थांबते. उत्तर येते १२३४५६७९००९८७६५४३२१. प्रत्येक हातच्यात दहाच्या जागी एक उरतो, म्हणजे अंकांच्या बेरजेतून नऊ कमी होतात. दोन हातच्यांचे अठरा शंभरातून वजा केले की ८२, आणि या उत्तरातील अंकांची बेरीज तेवढीच आहे. अकरा एकांसाठी हेच गणित तुम्ही मांडा आणि उत्तर मला कळवा.

तुमची,
लेक